पाइपलाइनवरचं गाऱ्हाणं

मुलुंड,
दसऱ्यानंतरचा गुरुवार

तीर्थरूप दशरथमामांना,

भाचा प्रीतम याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातलाय असं समजा. आमच्या खोलीत पूर्ण आडवं व्हायचं तर आधी आईचं शिलाई मशीन गॅलरीत काढावं लागतं.) तुमची तब्येत बरी ना? मामींचा खांदा आता वर होतो का, की अजून फडताळातला डबा काढायला शेजारच्यांना हाक मारावी लागते? भात कापून झाला असेल. आमच्याकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला त्यांच्यापुरता चालू आहे, आई मशीनवर असते, मी साकीनाक्याला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागलोय (कुरियरचं सोडलं, त्याचं कारण वेगळं आहे, भेटीत सांगेन). तुमची गंधालीही खुशाल आहे. हे मुद्दाम शेवटी लिहिलं, कारण तेवढंच तुम्हाला पटणार नाही.

परवा तुम्ही फोनवर आईला म्हणालात की रविवारी येतो आणि पोरीला घेऊन जातो. मी फोन हातात घेऊन समजवायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, तू बोलताना फार फाटे फोडतोस, काय ते लिहून पाठव. म्हणून लिहितोय. खालच्या मजल्यावरचे परबकाका उद्या गावाला निघालेत, पत्र त्यांच्या हाती देतोय. मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगतो म्हणजे पुढे हरवणार नाही. सोमवारी गंधालीची पोलीस भरतीची मैदानी चाचणी आहे. रविवारी तुम्ही तिला गावाला नेलंत तर तिच्या इतक्या महिन्यांच्या धावण्याची वाट लागेल. तर नेऊ नका. आता तिला काय झालं होतं ते ऐका.

पहिली गोष्ट, तिला धडकला तो टेम्पो नव्हता. राजेशदादाने तुम्हाला कांदिवलीहून टेम्पो सांगितला, पण मुलुंडहून बातमी निघाली तेव्हा ती साधी सायकल होती. घाटकोपरच्या मावशीकडे तिची मोटारसायकल झाली आणि कांदिवलीला पोचेपर्यंत तिला चार चाकं आली. नशीब, विरारला आपलं कोणी राहत नाही.

आमच्या चाळीच्या मागून पाण्याचा पाइप जातो. पाइप म्हणजे तुमच्या विहिरीवरचा नव्हे, याच्या आतून बैलगाडी जाईल. त्याच्या कडेने सायकलींसाठी लाल रंगाचा लांबच लांब ट्रॅक केलाय आणि त्याला लागून चालणाऱ्यांसाठी फूटपाथ. झकास जागा आहे, मामा. एका बाजूला झाडं, वर पोपट, आणि सकाळी तर हवासुद्धा अशी असते की ही मुंबईची आहे यावर विश्वास बसत नाही. आता कागदावर बघितलं तर सायकलवाले ट्रॅकवर आणि पायवाले फूटपाथवर. पण फूटपाथवर स्कूटर लावलेल्या असतात, तुळशीच्या कुंड्या असतात, एक कुत्री चार पिल्लं घालून बसलीय आणि तिला उठवायची कोणाची टाप नाही. म्हणून धावणारे ट्रॅकवर येतात. ट्रॅकवर धावणारे म्हणून सायकलवाले जरा मोकळं दिसलं की फूटपाथवर चढतात. म्हणजे जो तो दुसऱ्याच्या जागेत, आणि जो तो दुसऱ्याला सांगतोय की ही तुमची जागा नाही.

त्यात एक काका रोज उलटे चालतात. गुडघ्यांसाठी चांगलं असतं म्हणे. कुठे चाललोय ते त्यांना दिसत नाही, पण मागे काय राहिलं ते सगळं दिसतं, आणि त्यांच्याइतका प्रसन्न माणूस मी मुलुंडमध्ये पाहिला नाही. एक हसण्याचा क्लब आहे, तो हसताना दोन्ही हात पसरतो, तेव्हा सायकलवाल्यांना मान खाली घालून जावं लागतं. आणि एक इडलीवाला अण्णा आहे, कॅरियरला डबा आणि हँडलला भोंपू. खरं सांगायचं तर सायकलच्या ट्रॅकवर सायकलने कामाला जाणारा तो एकटाच, बाकी सगळे सायकल घेऊन फिरून परत घरी जातात. मी स्वतः दोन्हीकडचा. साकीनाक्याला सायकलनेच निघतो आणि चेन पडली की धावतो. म्हणून माझं म्हणणं कोणत्याच बाजूला पटत नाही.

तर गंधाली. मामा, तुमची मुलगी धावते कशी ते तुम्ही पाहिलंय का? मी रोज बघतो आणि रोज दुकानात उशिरा पोचतो. सुरुवातीला ती शेताच्या बांधावरून धावल्यासारखी धावायची, दोन्ही हात जरा लांब, तोल सांभाळत. ट्रॅक सपाट आहे हे तिच्या पायांना पटायलाच वेळ लागला. पण पटल्यावर जी सुटलीय ते विचारू नका. लोक बूट, घड्याळ, डोक्याला पट्टा, सगळं घेऊन येतात आणि ही ओढणी कमरेला खोचून त्यांच्यापुढून जाते. बघणाऱ्याला वाटावं ही कोणाला तरी काहीतरी सांगायला निघालीय आणि सांगायची घाई आहे.

आणि एके सकाळी मागून घंटी वाजली. आता आपल्याकडे मागून सायकलची घंटी वाजली तर माणूस काय करतो? थांबतो, वळतो, कोण आलं बघतो. पोस्टमन असेल, कोणाचा निरोप असेल. विचारपूस न करता पुढे गेलं तर लोक म्हणतील अमक्याच्या पोरीला माज आला. गंधालीने तेच केलं. थांबली आणि हसऱ्या चेहऱ्याने वळली. मुंबईत घंटीचा अर्थ वेगळा आहे, तिला तो कोणी सांगितलाच नव्हता. इथे घंटी म्हणजे मी तुला ओळखत नाही, बाजूला हो, बघू नकोस. मागून येणारे सुबोध सर, बँकेत मोठे अधिकारी, डोक्याला टोपडं, डोळ्यांना नारंगी चष्मा, आणि सायकल इतकी हलकी की करंगळीवर उचलावी. मुलगी बाजूला होईल या हिशेबाने ते आले आणि मुलगी तर स्वागताला उभी. त्यांनी हँडल वळवलं, चाक तिच्या गुडघ्याला घासलं आणि सर थेट पाइपाखाली कोणीतरी लावलेल्या अळूच्या वाफ्यात. गंधालीचा गुडघा सोलवटला, एवढंच. हळद लावली, खपली धरली, पडलीसुद्धा. सरांना मात्र कोपराला मार आणि वर अळूची खाज.

आता ऐका ती काय म्हणाली. मी मागेच होतो. तिने एका हाताने सायकल उचलली, दुसऱ्या हाताने सर उचलले आणि विचारलं, "तुमी कोण? माका वाटला, बाबांनी कोणाक तरी धाडल्यानी."

सर भांडायचं विसरून चष्म्यावरचा चिखल पुसायला लागले. पण भांडण व्हायचं ते झालंच, कारण तिथे संघमित्राताई पोचल्या. ताई बेस्टमध्ये कंडक्टर आहेत आणि पायवाल्यांच्या पुढारी. (निवडून कोणी दिलं नाही. आवाज आहे, म्हणून आहेत.) त्यांच्या मागे धावायचं म्हणजे बसमध्ये असल्यासारखं वाटतं, पुढे चला, मधे जागा आहे, दारात लटकू नका. मला त्या फार आवडतात. दिवसभर उभ्याने ड्युटी करून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पायांनाच कामाला लावणारी बाई, आणि चेहऱ्यावर थकवा म्हणून नाही. त्यांनी सरांना विचारलं की विमानतळ समजून आलात की काय. सर म्हणाले, नियमाने हा सायकल ट्रॅक आहे. ताई म्हणाल्या, नियमाने तो फूटपाथपण आहे, त्यावरच्या स्कूटर तेवढ्या उचलून द्या, आम्ही आत्ता जातो. तोपर्यंत उलटे चालणारे काका येऊन दोघांच्या मधून पाठमोरे निघून गेले आणि जाताना दोघांनाही गुड मॉर्निंग म्हणाले.

त्यानंतर काही दिवस ट्रॅकवर नुसतं युद्ध. सायकलवाल्यांनी खडूने बाण काढले, पायवाल्यांनी त्या बाणांवरून मुद्दाम एका रांगेत धावायला सुरुवात केली. हे शिट्ट्या घेऊन आले, ते घंट्या वाजवायचे, आणि हसण्याचा क्लब मधे उभा राहून हसायचा, त्यात दोन्ही बाजूंना वाटायचं आपल्यालाच हसतायत. शेवटी ट्रॅकच्या गेटवरचा रखवालदार म्हणाला की तुमच्यापैकी कोणाचाही तक्रारीचा कागद वर ऑफिसात गेला तर साहेब सकाळचं गेट बंद ठेवणार, मग बसा घरी. आणि कागद दोन्ही बाजूंनी लिहून तयार होते, मामा. नुसते द्यायचे बाकी. गंधाली त्या दिवशी जेवली नाही. तिला दुसरी जागाच नाही. रस्त्यावर रिक्षा, मैदानात क्रिकेट, चाळीच्या गॅलरीत धावली तर खालचे परबकाका काठीने छत ठोकतात. (हे त्यांना वाचून दाखवू नका.)

मी तिला आरेत घेऊन गेलो होतो, तिथे सराव होतो का बघायला. पहिली बस धरून. पण तिथे पोचल्यावर मला एका तबेल्यात एक म्हैस दिसली, शिंगं अशी मागे वळलेली की जणू विंचरून घेतलीयत, आणि तबेलेवाल्या भय्याशी बोलण्यात माझा वेळ गेला. बाहेर आलो तर काय बघतो, त्या जंगलातल्या रस्त्यावर पट्टे नाहीत, लेन नाही, फूटपाथ नाही, काही नाही. सायकलवाले चाललेत, धावणारे धावतायत, बस चाललीय, आणि मधोमध म्हशींचा कळप. म्हशी बाजूला होत नाहीत आणि मागे वळूनही बघत नाहीत, एका चालीने सरळ जातात, आणि सगळी दुनिया त्यांच्या कडेने वाट काढते. मी गंधालीला म्हटलं, बघ, धावायचं तर असं. मागून काय येतंय ते त्याला बघू दे. ती हसली, पण तेव्हापासून ती घंटीला वळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण रोज दोन बस बदलून आरेत जाणं जमण्यासारखं नव्हतं. (आणि तिथल्या बिबट्याबद्दल मामींना सांगू नका. आम्हाला दिसला नाही.)

आता दसऱ्याची गोष्ट, आणि इथेच तुमचा संबंध येतो. सायकलवाल्यांनी ठरवलं की ट्रॅकवर सायकलींची पूजा करायची. सकाळी सगळ्या सायकली आडव्या रांगेत उभ्या, हँडलला झेंडूचे हार. म्हणजे ट्रॅक बंद. पायवाले आले आणि म्हणाले, दसऱ्याला ज्याचं जे अवजार त्याची पूजा असते ना, मग आमचं अवजार बूट. आणि त्यांनी बूट काढून सायकलींच्या समोर रांगेत मांडले. सुबोध सर म्हणाले, चपला-बूट पूजेत कसे चालतील? ताई म्हणाल्या, तुमची चाकं काल शेणातून गेली ती चालतात, मग आमच्या बुटांनी काय पाप केलं. वर म्हणाल्या, मला स्वतःला पूजाबिजा करायची नाही, आज आमचा धम्मचक्राचा दिवस, मला विहारात जायचंय, पण माझ्या माणसांचे बूट मागे राहणार नाहीत. दोन्ही बाजू अशा समोरासमोर, मधे एक नारळ, आणि तो फोडायचा कोणी यावर पुन्हा भांडण. दोघांच्याही खिशात ते कागद.

तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे असं अडलं की गाऱ्हाणं घालतात. गावात बांधावरून डोकी फुटायची वेळ आली तरी आमचे मामा देवळात उभे राहतात, सगळ्यांना मधे घेतात, आणि ज्याला जे तोंडावर बोलता येत नाही ते देवाच्या नावाने बोलून टाकतात. आणि बाकीच्यांनी फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी पुढे झालो. तुमचं नाव सांगून. आता मी ते तुमच्यासारखं कागदावर काय उतरवणार, पण जेवढं आठवतं तेवढं देतो.

"बा देवा म्हाराजा, ह्या पायपाच्या राखणदारा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या वाटेर जमली हत. कोण दोन पायांर इलो, कोण दोन चाकांर इलो. जो चाकांर इलो तेका घंटी वाजवची बुद्धी दिलंस, आता ब्रेक दाबूची पण बुद्धी दी म्हाराजा."

पायवाले जोरात म्हणाले, व्हय म्हाराजा.

"जो पायांर इलो तेच्या कानात ती बोंडां आसत, ती एका कानातली तरी काढूची बुद्धी दी म्हाराजा. चार जणां हातात हात घालून वाट अडवतत, तेंका एकामागून एक चलूची बुद्धी दी म्हाराजा."

आता सायकलवाले ओरडले, व्हय म्हाराजा. त्यात एक गुजराती शेठ सगळ्यांच्या वर.

"नी कोणाच्या खिशात कागद आसात, कोणाच्या मनात हाफिसात जावचा आसात, तर तो कागद हयच इरघळू दे म्हाराजा, नी ही वाट सगळ्यांका उघडी ऱ्हवू दे म्हाराजा."

इथे दोघांचेही हात आपापल्या खिशाकडे गेले. मग सुबोध सर हळू म्हणाले, व्हय म्हाराजा. सगळे ताईंकडे बघायला लागले. ताई म्हणाल्या, "मी देवाला म्हणणार नाही. या वाटेवरच्या माणसांना म्हणते. व्हय." नारळ सरांनी फोडला, खोबरं ताईंनी वाटलं, आणि वाटताना पुढे चला, पुढे चला. उरलेल्या झेंडूचं एकेक फूल कोणीतरी प्रत्येक बुटाच्या नाडीत खोचलं. दोन्ही कागदांत खोबरं बांधून घरी गेलं.

तेव्हापासून ट्रॅक बघण्यासारखा आहे. डावीकडून पाय, उजवीकडून चाकं, मधे खडूची रेघ, आणि रेघ पुसली की जो पहिला येतो तो ओढतो. स्कूटरवाल्यांशी ताई बोलल्या (काय बोलल्या माहीत नाही), फूटपाथ अर्धा मोकळा झालाय. कुत्री आहे तिथेच आहे, तिला सगळ्यांनी मान्यता दिली. आणि गंधाली सरावाला उभी राहिली की ताई एकच हाक मारतात, रस्ता द्या, आणि मामा, सगळे थांबतात. सायकलवाले खाली उतरून सायकल धरून कडेला उभे राहतात, हसणारे हसायचे थांबतात, अण्णा भोंपूवरचा हात काढतो. एकटे सुबोध सर तिच्या शेजारून सायकल चालवतात, वेळ मोजत आणि ओरडत, श्वास सोड, खांदे खाली, शेवटचं वळण. ज्या माणसाने तिचा गुडघा सोलवटला तो आता तिच्यासाठी स्वतःचा व्यायाम बुडवतो. अशी माणसं सोडून तिला रविवारी कुठे नेता?

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद (माझ्याकडे दुसरं काही द्यायला नाही). चुकलं असेल ते पोटात घाला.

तुमचा भाचा,
प्रीतम

ता. क. वर मी 'पुढे झालो' असं लिहिलंय, ते खरंच आहे. पुढे झालो, नारळ हातात घेतला, 'बा देवा म्हाराजा' म्हटलं, आणि पुढचं काहीच आठवेना. तुमच्या मागे उभं राहून मी जन्मभर फक्त 'व्हय' म्हटलंय, तेवढंच मला येतं. सगळे माझ्याकडे बघतायत, आणि पाठीमागून आवाज सुरू झाला. मामा, शपथेवर सांगतो, मला वाटलं तुम्ही आलात. तोच खालून चढत जाणारा सूर, 'म्हाराजा'वर तसाच थांबा. वळून बघतो तर गंधाली, अनवाणी, डोळे मिटलेले. सगळं गाऱ्हाणं तिने घातलंय. मी नारळ धरून उभा होतो.

ता. क. २. गाऱ्हाणं हा तुमचा मान आहे आणि बायका ते घालत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुम्हाला कळलं तर काय होईल या भीतीने ती त्या रात्री माझ्यासमोर रडली आणि मला गप्प राहायची शपथ घातली, म्हणून पत्रात स्वतःला पुढे केलं. पण सुबोध सरांनी ते मोबाईलवर घेतलंय आणि मी ते परबकाकांच्या फोनमध्ये टाकलंय. रागवायच्या आधी एकदा ऐका. आईने ऐकलं. शिलाई थांबवून ऐकलं आणि म्हणाली, "दशरथ पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा अस्साच घाबरत सुरू झाला होता."

ता. क. ३. हे खरं काम. रविवारी तुम्ही याच, फक्त परतीचं तिकीट मंगळवारचं काढा आणि एकट्याचं काढा. सोमवारी पहाटे मैदानाच्या गेटपर्यंत घरच्यांना जाता येतं. ताईंची ड्युटी आहे, सर बँकेत, आणि मी वाटेत कुठे थांबेन याचा मला स्वतःलाच भरवसा नाही. गंधाली म्हणते, कोणी यायची गरज नाही, मी एकटी जाईन. लहानपणी जत्रेत हरवली होती, आठवतं? सापडली तेव्हाही हेच सांगत होती की मी एकटी घरी येणारच होते, आणि सांगताना दोन्ही मुठींत तुमच्या धोतराचा सोगा घट्ट धरलेला होता.